कपाटाच्या दारांस व्हिनियर लावताना
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या वडिलांच्या हाती रंधा होता. आमच्या हाती खडू आला. तरीही चालकांनी आम्हांस विषय दिला तो सुतारकामाचा, आणि आम्ही तो आनंदाने स्वीकारला. कारण हल्ली आपल्या कारागिरांवर एक ठपका वारंवार येतो. व्हिनियर लावलेले कपाट दिवाळीत सुबक दिसते आणि श्रावणात त्याचे दार मिटेनासे होते. गिऱ्हाईक उरलेली रक्कम अडवून धरते. कारागीर ‘लाकूडच वाईट निघाले’ म्हणून गप्प बसतो. वस्तुतः लाकूड बहुधा वाईट नसते. त्याचा स्वभाव ओळखून काम झालेले नसते.

लाकूड कितीही वाळविले तरी हवेतील ओलावा घेण्याचा व सोडण्याचा त्याचा धर्म संपत नाही. हवेत ६५ टक्के आर्द्रता असता लाकडात सुमारे १२ टक्के ओलावा राहतो. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की तो १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. लाकूड फुगते ते रुंदीत; लांबीत फरक नगण्य. सपाट चिरलेली ४५० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी एवढ्या फरकाने सुमारे ५ मिलिमीटर वाढते. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी दिल्हा चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळा बसविला.

आता व्हिनियरचा विचार करू. हा पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. एवढासा पापुद्रा जाड फळीस काय वाकविणार, असे वाटते. परंतु सरसातील किंवा फेव्हिकॉलमधील पाणी पिऊन तो फुगतो, तशाच स्थितीत चिकटतो, आणि वाळताना आकसून फळीस आपल्याकडे ओढतो. व्हिनियर लावलेली बाजू खोलगट होते ती ह्यामुळे. पुढे पाठीमागची उघडी बाजू पावसाळ्यात ओलावा पिते व तो बाक वाढतो.

ह्यावर उपाय एकच, तो म्हणजे समतोल. प्लायवूडचे थर ३, ५, ७ असे विषम का असतात? मधल्या थराच्या दोन्ही अंगांस सारखी ओढ राहावी म्हणून. आपण पुढून एकच पापुद्रा चढविला की तो समतोल मोडतो. तेव्हा पाठीसही पापुद्रा लावावाच. तो स्वस्त लाकडाचा चालेल. मात्र जाडी तीच, तंतूंची दिशा तीच, चिकटविण्याचा पदार्थ तोच, आणि काम एकाच बैठकीत. आज दर्शनी बाजू व आठ दिवसांनी पाठ, असे करू नये.

क्रम असा ठेवावा. प्लाय व व्हिनियर दोन्ही काही दिवस कामाच्या खोलीत राहू द्यावीत, म्हणजे त्यांचा ओलावा सारखा होतो. पापुद्र्याचे तंतू खालच्या थराच्या तंतूंशी काटकोनात यावेत. फेव्हिकॉल पाणी न घालता, पातळ व सारख्या थराने फळीस लावावे. पापुद्र्यास लावल्यास तो गुंडाळतो. मग सपाट पाटांत धरून शिकंजे मधून कडांकडे आवळीत जावे, म्हणजे हवा व जादा फेव्हिकॉल बाहेर पडते. रात्रभर दाब ठेवावा. काढल्यावर फळी जमिनीवर आडवी टाकू नये. खाली पट्ट्या देऊन दोन्ही बाजूंस वारा लागू द्यावा. कडांवर पट्टी मारावी, आणि पॉलिशचे हात पुढे जितके तितकेच पाठीसही द्यावेत.

कोणी म्हणेल, ‘मास्तर, पाठीचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.’ अडचण खरी आहे. पण एकाने दोन्ही बाजूंचा दर सांगावयाचा आणि शेजारच्याने एकाच बाजूचा सांगून काम पटकावयाचे, असे चालले तर दोघांचीही अब्रू पावसाळ्यात जाते. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, अंदाजपत्रकात ‘दोन्ही बाजूंस व्हिनियर व पॉलिश’ हे शब्द आपण सर्वांनी लिहावेत, आणि त्याचे कारण गिऱ्हाइकास काम धरण्यापूर्वीच समजावून सांगावे. कारण सांगता येणाऱ्या कारागिराशी कोणी सहसा घासाघीस करीत नाही.

आपल्या घरांतून हे ज्ञान हाताकडून हाताकडे आले. कागदावर फारसे उतरले नाही. आता मुले शाळेत जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांपैकी ज्यांस हा धंदा करावयाचा असेल, त्यांना हातासोबत कारणही शिकवावे, एवढी विनंती करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.