पित्त, खाज आणि एक गोळी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



हळदीकुंकवाबरोबर आरोग्याचे चार शब्दही कानी पडावेत म्हणून आपण मला बोलावलेत, याबद्दल मी आभारी आहे. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात बाळंतिणींच्या सेवेत माझी बरीच वर्षे गेली. आज एकाच औषधाविषयी सांगते. नाव लांबलचक आहे : अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड.

आपण पित्त हा शब्द तीन अर्थांनी वापरतो. आंबट ढेकर आले की पित्त. अंगावर गांधी उठल्या की पित्त. आणि यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा रस, तेही पित्तच. हे औषध या तिसऱ्या पित्ताचे. ते पित्तातलेच एक सौम्य आम्ल आहे. अस्वलाच्या पित्तात ते पुष्कळ असते, म्हणून त्याला अस्वलाचे लॅटिन नाव मिळाले. आता ते बहुधा गुरांच्या पित्तापासून कारखान्यात बनवितात.

पित्ताशयातील कोलेस्टेरॉलचे लहान खडे त्याने विरघळू शकतात. पण त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षे लागतात आणि खडे पुन्हा होऊ शकतात. चुन्याचे खडे मात्र विरघळत नाहीत. बारीक पित्तनलिकांचा एक चिवट रोग बहुधा मध्यम वयाच्या स्त्रियांना होतो. त्यावर हेच मुख्य औषध आहे.

आता खरी सांगण्याची गोष्ट. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत कुणाकुणाचे तळहात व तळपाय खाजू लागतात. रात्री खाज वाढते, अंगावर पुरळ मात्र नसते. घरात कुणी म्हणते, उष्णता झाली. कुणी आमसुलाचे पाणी लावते. ऊसतोडीला आलेली बाई म्हणते, पाल्याची खाज असेल. पण कधीकधी यकृतातले पित्त नीट वाहत नसते आणि त्यातील आम्ले रक्तात साठत असतात. आईला त्रास खाजेचाच. परंतु हे प्रमाण लिटरला १०० मायक्रोमोलच्या पुढे गेले, तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो.

अशा वेळी डॉक्टर हीच गोळी देतात. गोळी चालू झाली म्हणजे काळजी मिटली, असे मात्र समजू नका. २०१९ साली इंग्लंड-वेल्समधील ६०५ गर्भवतींवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. खाज थोडीशीच कमी झाली. बाळाचा धोका कमी झाला नाही. बाळाला जपायचे ते वेळोवेळी रक्त तपासून आणि बाळंतपणाची वेळ डॉक्टरांनी ठरवून.

औषध एकंदरीत सुरक्षित आहे. पुष्कळदा जुलाब होतात, ते डॉक्टरांना सांगावे. पित्ताची वाट पूर्ण अडली असेल तर ते घ्यावयाचे नसते. छातीत जळजळते म्हणून घेतलेली अ‍ॅल्युमिनियमयुक्त पातळ औषधे त्याला पोटात धरून ठेवतात; दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर असावे. शेजारणीच्या चिठ्ठीवर, किंवा यकृताचे टॉनिक म्हणून, ते कधीही घेऊ नये.

भगिनींनो, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांतून गर्भवतींची मोफत तपासणी होते. पण खाज सुटल्यास त्या तारखेची वाट पाहू नका. आशाताईंना सांगा, यकृताची व पित्ताम्लांची तपासणी कुठे होईल ते डॉक्टरांना विचारा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आपल्यापैकी प्रत्येकीने आळीतल्या एका गर्भार लेकीसुनेला एवढेच विचारावे, “बाई, रात्री तळहात-तळपाय खाजतात का गं?” मंडळाच्या हातून याहून मोठे काम ते कोणते?