यंत्राची मर्यादा आणि अनुवादकाची सही

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. संगणकाचे रीतसर शिक्षण आम्ही घेतलेले नाही. जे थोडेफार कळते ते काउंटरवर बसून आणि रविवारी अभ्यासिकेत अनुवादाची कामे करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या शेजारी बसून शिकलो. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा इरादा नाही. परंतु विषय पोटापाण्याचा आहे, म्हणून अध्यक्षांनी सांगताच होकार दिला.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. मध्यंतरी एक मावशी आमच्या काउंटरवर आल्या. हातात एका खाजगी कर्ज कंपनीचे मराठी पत्र होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, या कागदावर माझी उत्कृष्ट रक्कम अठरा हजार लिहिली आहे. ती कधी मिळेल?" आम्ही पत्र वाचले. मूळ इंग्रजी शब्द 'आउटस्टँडिंग' असणार हे उघड होते. शाळेच्या निकालपत्रात त्याचा अर्थ उत्कृष्ट, कर्जाच्या कागदावर मात्र थकबाकी. मावशींना ते पैसे मिळायचे नव्हते, भरायचे होते. हे सांगताना आमची जीभ जड झाली. आणि नंतर मनात आले की, हे पत्र यंत्राने केले असेल, पण ते पुढे पाठवणारा कोणीतरी माणूस असेलच. शब्दाला काही पैसे या दराने काम करणारा, घाईत असलेला, कदाचित आपल्याच वस्तीतला एखादा मुलगा.

आज घरबसल्या स्वतंत्रपणे अनुवाद करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आहे. सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय काम मिळत नाही आणि सॉफ्टवेअरवर विसंबले तर काम बिघडते. यातून वाट कशी काढायची?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, सॉफ्टवेअर दोन प्रकारचे असते. एक स्वतः भाषांतर करणारे. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ साली आली, कोकणी २०२२ साली. २०१७ साली मराठीसह नऊ भारतीय भाषांना नवे न्यूरल तंत्र लागू झाले आणि वाक्ये पूर्वीपेक्षा सरळ येऊ लागली. २०२२ सालीच केंद्र सरकारने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. दुसरा प्रकार अनुवादकाला मदत करणारा. तो स्वतः भाषांतर करीत नाही. आपण केलेले प्रत्येक वाक्य मुळासह जपून ठेवतो आणि तसेच वाक्य पुन्हा आले की पुढे करतो. याला ट्रान्सलेशन मेमरी म्हणतात. पहिल्या प्रकारात दुसऱ्याचे भांडवल असते, दुसऱ्यात आपले स्वतःचे. हा भेद विसरू नये.

आता मर्यादा एकेक करून पाहू.

पहिली मर्यादा परवान्याची. ट्राडॉस स्टुडिओ या नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या एकट्या अनुवादकासाठीच्या आवृत्तीत पाचच भाषांची अट राहिली आहे. काही मुले सुरुवातीला हौसेने फ्रेंच, जर्मन निवडून बसतात आणि मग गुजरातीचे काम आले की अडतात. म्हणून विकत घेण्यापूर्वी अटी वाचाव्यात आणि ज्या भाषांत खरोखर काम मिळते त्याच निवडाव्यात. इंग्रजी, मराठी, हिंदी धरून तीन होतात. पुढच्या जागा राखून ठेवाव्यात. सहावी भाषा लागलीच तर ओमेगा-टी हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. एका सॉफ्टवेअरमधली मेमरी टीएमएक्स नावाच्या फाईलमधून दुसऱ्यात नेता येते. चोरीची प्रत मात्र कोणी वापरू नये. ती वाट काढणे नव्हे.

दुसरी मर्यादा वाक्य तोडण्याची. सॉफ्टवेअर मजकुराची वाक्ये पूर्णविराम पाहून वेगळी करते. मराठीतून इंग्रजीत काम करताना 'रु.', 'डॉ.', 'क्र.', 'श्री.' यांपुढचे टिंब त्याला वाक्याचा शेवट वाटू शकते. मग 'रु.' एका तुकड्यात आणि रक्कम दुसऱ्या तुकड्यात जाते. उलट हिंदीत वाक्य दंडाने संपते. तो नियम यादीत नसेल तर अख्खा परिच्छेद एकच वाक्य धरला जातो. ओमेगा-टीमध्ये हे नियम आपल्याला बदलता येतात. एकदा अर्धा तास बसून नेहमीची संक्षिप्त रूपे अपवाद म्हणून भरून ठेवावीत. पुढे वर्षानुवर्षे त्रास वाचतो.

तिसरी मर्यादा मराठीच्या सामान्यरूपाची. 'खाते' हा शब्द वाक्यात 'खात्यात', 'खात्यातून', 'खात्यावरील' असा येतो. शब्दसूचीत आपण नुसते 'खाते' लिहिले तर सॉफ्टवेअर 'खात्यातून' हे रूप ओळखेलच असे नाही. म्हणून सूचीत 'खाते', 'खाती', 'खात्यात', 'खात्यातून' अशी नेहमीची रूपे स्वतंत्र ओळींवर द्यावीत. ओमेगा-टीची शब्दसूची म्हणजे साधी मजकुराची फाईल असते. मूळ शब्द, त्याचा अनुवाद आणि शेरा, असे तीन रकाने. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नये. 'प्रिन्सिपल' शाळेत प्राचार्य, कर्जात मुद्दल. 'सिक्युरिटी' दारावर सुरक्षा, कर्जात तारण. 'मायनर' दुखापतीत किरकोळ, खातेदारात अल्पवयीन. 'मॅच्युरिटी' माणसात परिपक्वता, ठेवीत मुदतपूर्ती. शब्द कोठे वापरायचा ते शेऱ्यात लिहिले की चूक टळते. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. तरीही शंका राहिली तर त्या धंद्यातल्या माणसाला विचारावे. आम्हाला रात्री फोन केला तरी आम्ही रागावणार नाही.

चौथी मर्यादा अक्षरांची. जुन्या काळी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सॉफ्टवेअरला मराठी म्हणून कळत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरे हमखास बिघडतात. युनिकोडमध्येही गोम आहेच. 'ॲप'मधला ॲ आणि 'दऱ्या'मधला अर्धा र हे दोन दोन प्रकारे टाइप होतात. डोळ्यांना एकच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द असतात. परिणामी मेमरीत असलेले वाक्यही नेमके जुळत नाही. यावर उपाय एकच. कोणतीही एक पद्धत ठरवावी आणि ती सोडू नये. गटाने काम करणाऱ्यांनी तर पहिल्याच दिवशी ठरवावे.

पाचवी मर्यादा सर्वांत नाजूक आहे. इंग्रजीत 'वुई' हा एकच शब्द. मराठीत 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. शिवाय आदराने समोरच्यालाही आपण 'आपण'च म्हणतो. आता "शुल्क आम्ही भरू" आणि "शुल्क आपण भरू" यांत केवढा फरक आहे पाहा. एकात ग्राहक सुटतो, दुसऱ्यात सापडतो. यंत्राला हा फरक इंग्रजी वाक्यातून कळायला जागाच नाही. गुजरातीतही मराठीसारखाच हा भेद आहे. परंतु मराठीतून गुजरातीत जाताना पुष्कळ यंत्रे मध्ये इंग्रजीचा मुक्काम करीत आलेली आहेत. त्या मुक्कामात हा भेद हरवतो. तसेच 'मी जाहीर करतो' असे छापून येते आणि सही एखाद्या भगिनीची असते. अर्जावर 'करतो/करते' असे लिहायला कितीसा वेळ लागतो? तेव्हा यंत्राने केलेल्या मजकुरात 'आम्ही', 'आपण', 'करतो' हे शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी थांबावे. पैसे कोणी द्यायचे, हक्क कोणाचा आणि मुदत कोणती, या तीन गोष्टी मूळ प्रतीशी ताडून पाहाव्यात.

आणखी एक सूचना. लोकांचे खाते क्रमांक, आजाराची कागदपत्रे, कोर्टाचे कागद इंटरनेटवरच्या फुकट भाषांतरयंत्रात घालू नयेत. ते दुसऱ्याच्या घरी जातात. ओमेगा-टी आपल्या स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवायही चालते. अगदीच गरज पडली तर नावे आणि आकडे काढून मगच मजकूर द्यावा.

काही जण विचारतात की, यंत्र दिवसेंदिवस सुधारते आहे, मग ही मेहनत कशाला? काम देणारेही हेच म्हणतात आणि नव्या अनुवादाऐवजी नुसत्या दुरुस्तीचा कमी दर पुढे करतात. हा पेच खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दर ठरवण्यापूर्वी नमुन्याची दोन पाने मागून घ्यावीत. यंत्राचे वाक्य दुरुस्त करायला नवे लिहिण्याइतकाच वेळ लागत असेल, तर तसे नम्रपणे पण स्पष्ट सांगावे. असे काम नाकारल्याने एखादा ग्राहक जातो. वाईट काम दिल्याने मात्र आपले नाव जाते.

बँकेत नोटा मोजायचे यंत्र आहे. ते आमच्यापेक्षा कितीतरी पटीने भराभर मोजते. ते आल्यापासून आमची बोटे सुखावली, यात शंका नाही. पण संध्याकाळी रोकड जुळली नाही तर यंत्राला कोणी बोलावत नाही. रजिस्टरवर सही कॅशियरची असते. अनुवादाचेही तसेच आहे. यंत्र खुशाल वापरा. त्याच्या मर्यादा ओळखून वाट काढा. आपली शब्दसूची आणि आपली मेमरी रोज थोडी थोडी वाढवा, तिची एक प्रत वेगळी जपून ठेवा. ती तुमची कमाई आहे.

आपल्या अभ्यासिकेत सध्या ज्याची त्याची वेगळी सूची आहे. ती एकत्र करून बँक, दवाखाना, शेती आणि न्यायालय अशा चार सूच्या तयार कराव्यात, असे आम्ही सुचवितो. बँकेची सूची तपासून देण्याचे काम आम्ही आजच अंगावर घेतो. इतर क्षेत्रांतल्या सभासदांनीही पुढे यावे.

त्या मावशींना आम्ही पत्र समजावून सांगितले आणि हप्ते पाडून मिळावेत म्हणून अर्ज लिहून दिला. त्या जाताना म्हणाल्या, "आधीच 'थकबाकी' लिहिले असते तर मला कळले असते की." त्यांना मराठी उत्तम येत होते. ज्याने ते पत्र तपासायला हवे होते, त्याने ते वाचले नव्हते. आपल्यापैकी कोणाच्याही हातून असे पत्र जाऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम.