पुडी कोण देतं?

(पिंपळगाव रेणुकाई येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



नववी-दहावीची पोरं नासली, असं आपण पारावर बसून बोलतो. बोलताना आपल्याच गालात तंबाखूची गोळी असते. म्हणून आज पोरांवर नाही, पुडीवर बोलणार आहे.

गुटख्याच्या एका पुडीत दोन नशा असतात. तंबाखूतलं निकोटीन आणि सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन. म्हणजे पोरगं एकच व्यसन करतंय हे म्हणणंच खोटं. पहिल्याच चिमटीला दोन लागतात. पुढं जबडा आखडतो, तोंडात दोन बोटं जात नाहीत, साधा ठेचा जिभेला सोसत नाही. आणि हे मिरचीचं गाव!

सुरुवात कुठून होते? घरातून. आजी मशेरी लावते, बाप रात्री पिऊन येतो, डबी-बाटली पोरालाच आणायला लावतात. मिरची तोडायला गेलेलं पोरगं दिवसभर वाकतं, तंबाखूनं भूक मरते हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. आईबाप ऊसतोडीला गेले की सहा-सहा महिने विचारणारं कुणी नसतं.

आणि शाळा. मी ज्या शाळेत शिकलो तिचं नाव घेत नाही. पण गुरुजींची पुडी आणायला मागच्या बाकावरचं आमचंच पोरगं जायचं. आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, पुडी चालायची! वर्गात ज्याला रोज 'तुला काय जमणार' ऐकावं लागतं, त्याला पानटपरीवर कुणी 'ये रे' म्हटलं तर तो तिकडंच जाणार. तिथं तंबाखू असते, आठवड्यात बिअर येते.

२०१९ साली देशातल्या १३ ते १५ वयाच्या शाळकरी पोरांची पाहणी झाली. ८.५ टक्के पोरं तंबाखू वापरत होती. त्याच वर्षीच्या एम्सच्या अहवालात तर उलटंच दिसलं. हुंगायची नशा, म्हणजे सोल्यूशन, व्हाइटनर, मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ वयात १.१७. पोरं बापांच्या दुप्पट! कारण स्वस्त आहे, पंक्चरच्या दुकानात मिळतं आणि तोंडाला दारूचा वास येत नाही.

आता आपलं. जयंतीच्या मिरवणुकीत दहावीच्या पोरांना क्वार्टर कोण पाजतं? बाहेरचे येत नाहीत पाजायला. ज्याच्या नावानं वर्गणी गोळा केली त्याच्याच फोटोपुढं हे चालतं. राग येत असेल तर येऊ द्या.

कायदा आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून. पोराला दारू-तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे तीनशे फूट.

उद्या सकाळी शाळेच्या फाटकापासून मोजू. टपरी आपल्या भावकीतल्याची निघाली तरी वहीत लिहायची. गवंड्याची फीत शंभर फुटी असते, तीनदा धरावी लागेल. कुणाकडं आहे?