वही कोणाकडे, फळा कोणाकडे?



आपल्या गावांतल्या मुली आता वेबसाइट बनवायला शिकतात. शिकता शिकता एक शब्द घरी आणतात: एमव्हीसी. म्हणजे मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर. आज आम्ही तो बचत गटाच्या बैठकीतून समजावून सांगणार आहोत.

समजा, एक सभासद विचारते, "माझं या महिन्याचं व्याज किती?" प्रश्न जातो अध्यक्षांकडे. त्या स्वतः आकडा सांगत नाहीत, सचिवांना विचारतात. सचिव वही उघडतात. कर्ज बाकी 5000 रुपये, गटाचा नियम दरमहा शेकडा 2, म्हणजे व्याज 100 रुपये. मग तिसरी सखी ते फळ्यावर ठळक लिहिते.

झालं की! वही आणि व्याजाचा नियम सांभाळणाऱ्या सचिव म्हणजे मॉडेल. फळा म्हणजे व्ह्यू, आपल्याला मोबाइलवर दिसतं ते पान. आणि प्रश्न ऐकून योग्य ठिकाणी पोचवणाऱ्या, आलेलं उत्तर फळ्याकडे देणाऱ्या अध्यक्ष म्हणजे कंट्रोलर. आपण मोबाइलवर बटण दाबतो तेव्हा आत हाच प्रवास होतो.

ही मांडणी 1979 साली नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करताना मांडली. तेव्हा वेबसाइट नव्हत्याच. त्या आल्यावर हीच मांडणी तिथेही वापरात आली.

पण एकाच ठिकाणी सगळं का लिहू नये? बघा, उद्या गटानं व्याज शेकडा दीड केलं. नियम एकट्या मॉडेलमध्ये असेल, तर तिथे एकदा बदलला की मोबाइलवर, संगणकावर आणि छापील पावतीवर, सगळीकडे 75 रुपयेच येतील. नियम प्रत्येक पानावर वेगळा लिहिला असेल, तर एखादं पान बदलायचं राहून जाईल. मग मोबाइल म्हणेल 75 आणि पावती म्हणेल 100. पंचवीस रुपयांचा प्रश्न नाही सख्यांनो, गटावरच्या विश्वासाचा आहे.

चूक शोधायलाही हे उपयोगी पडतं. हप्ता भरला, तरी मोबाइलवर जुनीच बाकी दिसते? आधी विचारा, नोंद झाली का? नोंद नसेल, तर पैसे आले ते आधी चढवून घ्या. नोंद बरोबर असून पान जुनं दाखवत असेल, तर दाखवण्यात गडबड आहे. आपल्या नावावर टिचकी मारली आणि दुसरीचंच खातं उघडलं, तर पहिला संशय कंट्रोलरवर. दर वेळी दोष इतका सरळ सापडेलच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. "संगणकच तसं दाखवतो" एवढ्या उत्तरावर मग आपण परत फिरत नाही.

शिकणाऱ्या मुलींना एक सांगणं. जँगो वापरलंत, तर नावं बदललेली दिसतील. तिथे कंट्रोलरचं बरंचसं काम करणाऱ्या भागालाच व्ह्यू म्हणतात, आणि पानाच्या साच्याला टेम्प्लेट. गोंधळू नका. नाव बाजूला ठेवा, काम कोणतं ते बघा.

पुढच्या बैठकीत तिघींनी ही तीन कामं वाटून घेऊन एक प्रश्न सोडवून पाहा. अट एकच: फळ्यावर हिशेब करायचा नाही. हिशेब वहीतच!