पाणबुड्याच्या पायांतील फिन



पाणबुड्याच्या पायांतील फिनांविषयीं एका सेवानिवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु या बाबतींत मीं दिलेला एक सल्ला घरांतील मुलाच्या जिवावर बेतावयाचा तो थोडक्यांत चुकला. तेव्हांपासून हा विषय मीं विद्यार्थ्याप्रमाणें शिकून घेतला.

माझा भाचा मालवणास हवेची टाकी पाठीवर बांधून समुद्रांत उतरण्याची विद्या शिकत होता. वय सतरा. फिन घेतेवेळीं मीं त्याला म्हटलें, "एक नंबर मोठेच घे, वाढतें पाऊल आहे." मुलांचे जोडे आपण पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबानें घेत आलों आहों. "मामा, सैल होतात," असें तो म्हणालाही. पण मामापुढें भाच्याचें किती चालणार?

पुढें एके दिवशीं सात-आठ मीटर खोलीवर त्याचा डावा फिन टाचेवरून सुटूं लागला. तो धरून ठेवण्यासाठीं त्यानें बोटें आवळलीं, आणि त्यासरशीं पोटरींत गोळा आला. पाण्याला ओढ होती. श्वास भराभर चालूं लागला. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दहा मीटर खालीं दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, व प्रत्येक श्वासास टाकींतील हवाही दुप्पट खर्च होते. पायांचा शीण असा हवेच्या खात्यांतून वसूल होतो. शिकविणाऱ्यानें वेळींच दंड धरून त्याला हळूहळू वर आणलें, म्हणून निभावलें.

बेंजामिन फ्रँकलिननें लहानपणीं पोहण्यासाठीं तळपायांस एक प्रकारच्या चपला बांधून पाहिल्या होत्या. त्या त्याला पसंत पडल्या नाहींत. कारण पाण्यास रेटा केवळ तळव्यानें नव्हे, तर पावलाच्या आंतल्या बाजूनें व घोट्यानेंही बसतो, हें त्याच्या लक्षांत आलें. फिन सबंध पावलास घट्ट धरणारा हवा, तो यासाठीं. पायांत घालून बोटें सरळ राहिलीं पाहिजेत, आणि टाच तसूभरही सरकतां कामा नये.

टाच झांकणारा फिन अनवाणी पायांत घालतात. होडींतून उबदार पाण्यांत उतरणारास तो पुरतो. पण मालवणसारख्या ठिकाणीं खडकांवरून चालत जावयाचें असेल, तर कालवें तळपाय कापून काढतात. तेथें पायमोज्यासारखे रबरी बूट व त्यांवर मागें पट्टा असलेला फिन बरा. मात्र दुकानांत जातांना ते बूट बरोबर न्यावे. अनवाणी पायानें घेतलेलें माप फुकट जातें.

आतां पात्याविषयीं. लांब, ताठ पातें पाहून तरुण भुलतात. तें मांडीच्या बळानें चालवावें लागतें; तें बळ नसेल तर पोटरी दगा देते. फार मऊ पातें ओढीपुढें टिकत नाहीं. मधोमध चिरलेलें पातें पायांस हलकें जातें, पण बेडकासारखे पाय मारून चिखल न ढवळतां जावयाचें असल्यास तें तितकेंसें उपयोगी नाहीं. रंगाविषयीं मी बोलत नाहीं. दुकानांत सर्वांत अधिक वेळ त्यांतच जातो.

भाच्यानें पुढें पट्ट्याचे, मध्यम ताठपणाचे फिन घेतले. त्या खेपेस मी दुकानाबाहेरच उभा राहिलों.