गाठीचे मोल
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या करवत आणि रंधा चालत आला, त्यांच्यापुढे लाकडाविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. आम्ही पडलो खडू धरणारे. तेव्हा चुकभूल पोटात घालावी.

विषय थोडा दूरचा आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्‌सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले, हे वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. त्याच खेळाचा धाकटा भाऊ म्हणजे अमेरिकेतील पूल. त्याच्या काठीस क्यू म्हणतात. या क्यूसाठी तेथे झाडांच्या गाठींचा जो व्यापार चालतो, त्यातून आपणांस घेण्याजोगा बोध आहे.

झाडास इजा वा रोग झाला असता खोडावर कधीकधी मोठा फुगवटा वाढतो. त्याच्या आत तंतू भोवऱ्याप्रमाणे फिरतात आणि डोळ्यांसारखे बारीक ठिपके उमटतात. रंध्यास अडणारी ही गाठ सामान्य कामात नकोशीच वाटते. क्यूचा कारागीर मात्र तिच्या दीड इंच जाडीच्या चौरस तुकड्यास मोठी किंमत मोजतो. कॅलिफोर्नियातील बकआयची गाठ निळसर करडी, तर आग्नेय आशियातील आंबोयनाची तांबूस सोनेरी. हा आंबोयना आपल्या बिबळ्याच्या जवळच्या नात्यातला होय.

क्यूची लांबी साधारण ५८ इंच, वजन १८ ते २१ औंस. पुढचा निमुळता भाग बहुधा कठीण, सरळ तंतूंच्या मेपलचा करतात. गाठ येते ती मागच्या जाड भागात, शोभेसाठी. तिचे तंतू वेडेवाकडे, आत पोकळ्या. म्हणून चतुर कारागीर तिला आरपार भोक पाडून आत सरळ मेपलचा दांडा सरसाने बसवितो. पुढे ती कातावर एकदम न उतरविता थोडी थोडी उतरवून मध्ये काही महिने विश्रांती देतो, म्हणजे वाकायचे ते आधीच वाकून जाते.

आता खरेदीविक्रीकडे वळू. घेणारा एका गावी, विकणारा दुसऱ्या. मध्ये केवळ छायाचित्र. पाणी फिरविलेल्या लाकडाची नक्षी चित्रात खुलून दिसते. वजनावर विकलेल्या ओल्या गाठीबरोबर पाणीही विकले जाते. सावकाश सुकावे म्हणून लावलेल्या मेणाखाली चीर लपू शकते. सचोटीचा व्यापारी लाकूड ओले की सुके, चीर कोठे, साल आत किती शिरली आहे, हे आधीच सांगतो. शहाणा गिऱ्हाईकही तुकडा आठवड्या-आठवड्यास तोलतो आणि वजन घटणे थांबेपर्यंत त्यास हत्यार लावीत नाही.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न निराळाच आहे : ही गाठ आली कोठून? कॅलिफोर्नियातील रेडवूडचे प्रचंड वृक्ष बुंध्याच्या गाठींतून नवे कोंब फोडतात. मेजे व शोभेच्या वस्तू करण्यासाठी चोरट्यांनी त्या कापून नेण्याचा असा सपाटा लावला की, २०१४ साली तेथील राष्ट्रीय उद्यानातून जाणारा एक रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. गाठ तोडल्याने वृक्षाच्या अंगावर उघडी जखम राहते आणि पुनरुद्भवाची शक्तीही घटते. अमेरिकेने आपला १९०० सालचा लेसी कायदा २००८ मध्ये वनस्पतींसही लागू केला. मूळ देशाचा कायदा मोडून तोडलेल्या लाकडाचा व्यापार त्यामुळे तेथे गुन्हा ठरतो. म्हणजे तुकडा लहान असला, तरी त्याचे कुळ सांगता आले पाहिजे.

ज्ञातीतील जे तरुण आज लाकडाच्या धंद्यात आहेत किंवा उद्या पडतील, त्यांस आमचे सांगणे इतकेच : माल सागाचा असो, शिसवीचा असो वा परदेशी गाठीचा असो, त्याची ओल, त्याची चीर आणि त्याचे मूळ गिऱ्हाईकाने विचारण्यापूर्वी सांगावे. क्यूला रूप गाठीने येते, पण खेळाडूचा तडाखा सोसतो तो आतला सरळ दांडा. व्यापारातही सरळपणाचे स्थान तेच होय.