कोडिंगला डिग्री कशाला? आमच्या बैठकीतला एक प्रश्न

कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. आज आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. विषय जरा वेगळा आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरापोरींना कॉलेजची डिग्री लागते का?

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आमचा आला, कारण पैसा आमच्या गटाचा होता.

बारावीचा निकाल लागल्यावर आमच्यातल्या एका ताईने बैठकीत साठ हजारांचं कर्ज मागितलं. लेकीला शहरात सहा महिन्यांच्या कोडिंगच्या क्लासला घालायचं होतं. क्लासवाले म्हणाले होते, "आता डिग्री कुणी विचारत नाही. चार वर्षं कशाला घालवता? नोकरीची हमी आमची."

बैठक गप्प झाली. कारण दोन वर्षांपूर्वी अशाच एका क्लाससाठी आम्ही दुसऱ्या एका बाईला कर्ज दिलं होतं. चार महिन्यांत क्लासला कुलूप लागलं. पोरगा घरी आला, आणि त्या माउलीने दोन शेळ्या विकून हप्ते फेडले. चूक तिची एकटीची नव्हती. ठरावावर अंगठे-सह्या आमच्या सगळ्यांच्या होत्या, आणि चौकशी एकीनेही केली नव्हती.

म्हणून या वेळी आठ दिवस मागून घेतले. गावातली दोन मुलं पुण्यात याच कामात आहेत. त्यांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि सगळ्याजणी भोवती बसलो.

पहिली मुलगी इंजिनिअर झालेली. ती म्हणाली, "मावशी, कॉलेजात शिकवलं त्यातलं थोडंच रोज लागतं. बाकीचं कामावरच शिकले. पण मोठ्या कंपन्या भरतीला कॉलेजात येतात. बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी, डिग्री, सगळीकडे साठ टक्के मागतात. कागद नसता तर मुलाखतीच्या खोलीपर्यंत पोचलेच नसते."

दुसरा मुलगा दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला. सात वर्षं काम करतोय, हुशार आहे. छोट्या कंपनीत त्याचं काम बघून घेतलं, डिग्री कुणी विचारली नाही. पण कंपनीने माणसं कमी केली तेव्हा दुसरीकडे अर्ज करताना तो अडला. फॉर्ममध्ये पदवीचा रकाना रिकामा, की अर्ज बाजूला. परदेशी जायचं तरी तेच. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी लागते, आणि ती नसेल तर शिक्षणाच्या एका वर्षाच्या जागी तीन वर्षांचा अनुभव धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षं! आता तो नोकरी सांभाळून इग्नूमधून बीसीए करतोय.

मग क्लासवाले खोटंच बोलत होते का? अगदी तसंही नाही. झोहो नावाची कंपनी २००५ पासून बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना निवडून स्वतः शिकवते. पण फरक बघा. ती शिकवायचे पैसे घेत नाही, उलट विद्यावेतन देते. ज्याला खरंच कामाला माणूस हवाय, तो शिकवायला स्वतःचा पैसा घालतो. क्लासवाल्याची फी मात्र नोकरी लागो न लागो, आधीच त्याच्या खिशात.

आमच्यातली एक शिवणकाम करते. ती म्हणाली, "मशीन चालवायला महिन्यात येतं. पण माप घेऊन कापड बेतायला वेळ लागतो. फॅशन बदलली तरी बेतणारी अडत नाही." आम्हाला ते पटलं. प्रोग्रॅम लिहायच्या भाषा बदलत राहतात. माहिती कशी साठवायची, संगणक आतून कसा चालतो, हा पाया पक्का असला की नवी भाषा उचलता येते. पाया घरी बसूनही शिकता येतो, कॉलेजात जाऊनही कच्चा राहू शकतो. नुसता कागद घेऊन बसलेली मुलंही आम्ही पाहिलीत.

आणखी एक गोष्ट, जी फोनवर कुणी सांगितली नाही पण आम्हाला माहीत आहे. सहा महिन्यांच्या क्लासनंतर नोकरी नाही लागली तर पोरगी घरी येते, आणि घरी आली की स्थळं येतात. कॉलेजात नाव असलं की "शिकतेय" म्हणून चार वर्षं पाहुण्यांना थांबवता येतं. मुलाच्या डिग्रीचा हा उपयोग कुणी मोजत नाही. मुलीच्या डिग्रीचा मोजावा लागतो.

शेवटी असं ठरलं. मुलीने सीईटी दिलेलीच होती. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेतलाय, की आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. प्रवेश मात्र सरकारी फेरीतून, म्हणजे कॅपमधून हवा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला वेळेत काढा. फी माफ झाली तरी राहणं, जेवण, पुस्तकं यांचा खर्च उरतोच. त्यासाठी आणि जुन्या लॅपटॉपसाठी आम्ही पंचवीस हजारांचं कर्ज दिलं. अट एकच घातली: कॉलेज चालू असतानाच दर सहा महिन्यांनी स्वतः बनवलेलं काहीतरी बैठकीत दाखवायचं. पहिल्यांदा तिने आमच्या हप्त्यांचा हिशोब मोबाईलवर आणून दाखवला. व्याज एका ठिकाणी चुकलं होतं, ते आमच्या अध्यक्षीणबाईंनी पकडलं!

तिला नोकरी लागेल का, ते आज आम्ही सांगू शकत नाही. पण उद्या तुमच्या बैठकीत असं कर्ज आलं, तर सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. हमी लेखी आहे का? मागच्या तुकडीतल्या मुलांचे फोन नंबर देता का? फी एकदम घेता की हप्त्याने? आणि सरकारी सवलतीत डिग्री होत असेल, तर ती सोडायचं कारण काय?

उत्तर देताना समोरचा चिडला, तर तेच उत्तर समजा.

पुढच्या बैठकीत आपल्या लेकींनाही बसवा.